झाकलेले सत्य कुणाच्या मालकीचे?

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे फारशा गंभीरपणे घेतला जात नाही. बाबुराव अर्नाळकरांचा झुंझार किंवा काळा पहाड ज्यांनी शाळकरी वयात पाठ्यपुस्तकाच्या आड लपवून वाचला, त्यांनाही पुढे तसे सांगताना थोडा संकोच वाटतो. गुन्हा घडतो, चतुर गुप्तहेर धागेदोरे जुळवितो, शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार पकडला जातो आणि वाचक दिवा मालवून निर्धास्तपणे झोपी जातो, असा या कथेचा रूढ साचा आहे. जी. के. चेस्टरटन यांच्या फादर ब्राउनने विसाव्या शतकाच्या आरंभी हा साचा थोडा सैल केला. त्या कथांत गुन्ह्याच्या उकलीइतकेच गुन्हेगाराच्या आत्म्यालाही महत्त्व आले. तरीही एक गृहीत कायम राहिले. सत्य शोधणारा माणूस सत्य सापडल्यावर ते सांगतो, हे ते गृहीत होय.

स्वीडनमधील अँडर्स रोसलुंड आणि बर्गे हेलस्ट्रम या लेखकद्वयाची ‘बॉक्स २१’ ही कादंबरी नेमक्या याच गृहीताला हात घालते. ती मूळ स्वीडिश भाषेत २००५ साली प्रसिद्ध झाली आणि काही वर्षांतच इंग्रजीत उतरली. रोसलुंड हे पेशाने पत्रकार. २०१७ साली दिवंगत झालेले हेलस्ट्रम हे पूर्वायुष्यात स्वतः गुन्हेगारीच्या वाटेला गेलेले आणि नंतर तशाच वाटेवरच्या माणसांच्या पुनर्वसनासाठी झटलेले लेखक. गुन्हेगारी जग त्यांनी आतून पाहिले होते. म्हणूनच की काय, या कादंबरीत पोलीस एका बाजूला आणि पाप दुसऱ्या बाजूला अशी सोयीची वाटणी आढळत नाही.

कथेच्या केंद्रस्थानी लिडिया आणि अलेना या दोन लिथुएनियन तरुणी आहेत. परदेशात चांगली नोकरी मिळेल या आशेने त्या घर सोडतात आणि स्टॉकहोममधील एका सदनिकेत कोंडल्या जातात. त्यांची कागदपत्रे काढून घेतली जातात आणि रोज अनेक पुरुषांना त्यांचे शरीर विकले जाते. एके दिवशी दलाल लिडियाला चाबकाने इतके फोडून काढतो की शेजारीपाजारी गोळा होतात, पोलीस येतात आणि तिला इस्पितळात नेले जाते. तेथून सुटका होऊन ती घरी परतेल, असे वाचकाला वाटत असतानाच ती इस्पितळाच्या शवागारात काही जणांना ओलीस धरते आणि एका विशिष्ट पोलीस अधिकाऱ्याला बोलावून घेण्याची मागणी करते. त्याचे नाव बेंग्ट नोर्डवाल. तो येतो. लिडिया त्याला गोळी घालते आणि नंतर स्वतःलाही संपविते.

तपास करणारा अधिकारी एव्हर्ट ग्रेन्स हा मृत नोर्डवालचा जुना मित्र. या मुलीने आपल्या मित्राला का मारले, हे त्याला कळेनासे होते. मग लिडियाने मागे ठेवलेली एक चित्रफीत त्याच्या हाती लागते. तिच्यावर आणि अलेनावर काय गुदरले, हे तिने त्या फितीवर स्वतःच्या तोंडाने सांगितलेले असते. ज्यांनी या मुलींचा व्यापार केला, त्यांच्यात नोर्डवाल होता. पोलिसाचा गणवेश, सुखी संसार, सज्जनपणाचा लौकिक आणि त्यामागे हे. ग्रेन्स ती फीत पाहतो आणि पुराव्यातून नाहीशी करतो. नोर्डवालच्या विधवेला, लेनाला, हे कळू नये, एवढाच त्याचा हेतू असतो.

ही सारी कल्पित कथा असली तरी तिची भूमी कल्पित नाही. लिथुएनियाने १९९० साली स्वातंत्र्य जाहीर केले. सोव्हिएत अर्थव्यवस्था कोसळल्यावर बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर बेकारी पसरली आणि समोरच्या किनाऱ्यावर संपन्न स्वीडन दिसू लागले. बोटीच्या एका रात्रीच्या प्रवासाने जोडलेल्या या दोन जगांमध्ये दलालांना आयताच बाजार मिळाला. २००० सालच्या जानेवारीत स्वीडनच्या माल्मो शहरात सोळा वर्षांच्या एका लिथुएनियन मुलीने पुलावरून उडी घेतली आणि काही दिवसांनी इस्पितळात तिचा अंत झाला. तिच्याजवळ सापडलेल्या पत्रांवरून पोलिसांना तिची कहाणी उलगडता आली. २००२ साली आलेल्या ‘लिल्या फॉर एव्हर’ या स्वीडिश चित्रपटामागे तिच्याच जीवनाची प्रेरणा होती. त्या पत्रांची वाट ग्रेन्सच्या हातून गेली असती तर काय झाले असते, हा विचार कादंबरी वाचताना मनातून जात नाही.

मानवी व्यापार म्हणजे नेमके काय, हे संयुक्त राष्ट्रसंघाने २००० साली स्वीकारलेल्या आणि पालेर्मो शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारात स्पष्ट केले आहे. माणसाला मिळविणे, हलविणे किंवा डांबून ठेवणे ही कृती. त्यासाठी वापरलेली बळजबरी, फसवणूक किंवा त्याच्या असहायतेचा गैरफायदा हे साधन. आणि शोषण हे उद्दिष्ट, असे तीन घटक त्यात सांगितले आहेत. वेश्याव्यवसायाबरोबरच वेठबिगार, गुलामी आणि शरीरातील अवयव काढून घेणे यांचाही त्यात समावेश होतो. फसवून किंवा धाक दाखवून मिळविलेली संमती ही संमतीच नव्हे, आणि बालकाच्या बाबतीत तर साधनाचा प्रश्नच विचारायचा नाही, असे हा करार सांगतो. भारताने २०११ साली त्याला मान्यता दिली. परंतु त्याच्या कितीतरी आधी आपल्या संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि बिगारी यांना बंदी घातली होती. स्वीडनने १९९९ पासून शरीर विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरविले, विकावे लागणाऱ्या स्त्रीला नव्हे.

कायद्याची ही इमारत कितीही भक्कम असली तरी ती एका नाजूक खांबावर उभी असते. तो खांब म्हणजे पीडितेची साक्ष. या गुन्ह्यात मृतदेह किंवा फुटलेले कुलूप नेहमीच सापडत नाही. एका मुलीने तोंड उघडले तरच साखळीची कडी हाती येते. ती मुलगी परकी असते, भाषा जाणत नाही, तिच्याजवळ कागदपत्रे नसतात आणि तिला मायदेशी धाडले की तिच्याबरोबर तिची साक्षही निघून जाते. युरोपीय राष्ट्रांच्या परिषदेने २००५ साली केलेल्या करारात अशा पीडितेला सावरण्यासाठी आणि विचार करण्यासाठी किमान ३० दिवसांचा अवधी देण्याची तरतूद आहे, ती याचसाठी. बोलण्याचे बळ येण्यास वेळ लागतो. लिडियाने ते बळ एकवटले, आपली साक्ष नोंदवून ठेवली आणि ती साक्ष कायद्याच्या रक्षकाने पुसून टाकली.

आता ग्रेन्सला दोषी ठरविण्यापूर्वी त्याची बाजू मनापासून ऐकून घेतली पाहिजे. तो लाचखाऊ नाही. त्याला बढती नको आहे, पैसा नको आहे. त्याचे जिच्यावर प्रेम होते ती सहकारी स्त्री अनेक वर्षांपूर्वी कर्तव्यावर असताना कायमची जायबंदी झाली आहे. शुश्रूषागृहात तिला भेटून येणे आणि जुनी गाणी ऐकणे एवढेच त्याचे खाजगी आयुष्य. मित्र म्हणावीत अशी माणसे त्याला मोजकीच. नोर्डवाल त्यांतला एक होता. तो गेला, लिडियाही गेली. मेलेल्याला शिक्षा करता येत नाही आणि मेलेलीला न्याय मिळून उपयोग नाही, मग जी जिवंत आहे, जिने काहीच अपराध केलेला नाही, त्या विधवेच्या माथी हे दुःख कशाला मारायचे, असा त्याचा विचार आहे. आपल्यापैकी किती जण याहून वेगळे वागले असते? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शहाणपण तर आपण आईच्या मांडीवर बसून शिकलो.

शिवाय ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाचा काही अंशी आधारही त्याला घेता येईल. सबळ कारणावाचून दुसऱ्याचे खरे दोषसुद्धा ते ठाऊक नसलेल्यांपुढे उघड करणे हे पाप आहे, असे तो ग्रंथ शिकवितो. प्रत्येक सत्य प्रत्येकाला सांगण्याचे बंधन नाही. दुसऱ्याचे हित, त्याची सुरक्षितता, खाजगी आयुष्याचा आदर ही मौनाची पुरेशी कारणे ठरू शकतात. संत थॉमस अक्वायनस यांनीही असत्य बोलणे वर्ज्य मानले, पण विवेकाने सत्य झाकण्यास मुभा दिली. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की ग्रेन्सचे मौन या मुभेत बसते का?

संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ३९५ च्या सुमारास असत्यभाषणावर एक ग्रंथ लिहिला. दयेपोटी बोललेले असत्यही असत्यच, अशी त्यांची कठोर भूमिका. त्या ग्रंथात त्यांनी आपल्याच तागास्ते गावच्या फर्मस नावाच्या बिशपांची हकीकत दिली आहे. सम्राटाचे शिपाई एका माणसाला शोधत आले. त्याला फर्मस यांनी आश्रय दिला होता. ‘तो माझ्याकडे नाही’ असे त्यांनी म्हटले नाही. मी खोटे बोलणार नाही आणि त्याचा ठावठिकाणाही सांगणार नाही, अशीच त्यांची भूमिका राहिली. त्यासाठी त्यांनी छळ सोसला. अखेर सम्राटाने त्यांच्या धैर्यावर प्रसन्न होऊन त्या माणसाला क्षमा केली.

फर्मस आणि ग्रेन्स दोघांनीही सत्य दडविले. वरवर पाहता दोघांचेही मौन दयेचे आहे. तरी पहिल्यासमोर आपण नतमस्तक होतो आणि दुसऱ्यासमोर अस्वस्थ होतो, ते का? एक भेद लगेच ध्यानात येतो. फर्मस यांनी बलवानापासून दुर्बलाला झाकले. ग्रेन्सने दुर्बलापासून बलवानाला झाकले. दुसरा भेद त्याहून खोल आहे. आपल्या मौनाची किंमत फर्मस यांनी स्वतःच्या देहाने चुकती केली. ग्रेन्सच्या मौनाची किंमत लिडियाने चुकती केली, आणि तीही तिला न विचारता.

या प्रश्नाचे मर्म मला येथेच दिसते. जे माझे आहे ते मी दया म्हणून सोडून देऊ शकतो. माझे कर्ज मी माफ करू शकतो, माझ्यावरील अन्याय मी गिळू शकतो. शेजाऱ्याचे येणे मी परस्पर माफ केले तर ती उदारता नव्हे, चोरी होय. लिडियाची साक्ष ग्रेन्सच्या मालकीची नव्हती. तिच्याजवळ काहीच उरले नव्हते. देह विकला गेला होता, पारपत्र हिरावले गेले होते, नाव पुसले गेले होते. ‘माझ्यावर हे गुदरले’ हे एकच वाक्य तिचे स्वतःचे होते. तेही दुसऱ्याने आपल्या सोयीप्रमाणे वापरले. मानवी व्यापाराचे पाप तरी याहून वेगळे कशात आहे? जे दुसऱ्याचे आहे, त्याचा देह, त्याचे श्रम, त्याचे आयुष्य, ते आपल्या मर्जीने खर्च करण्याचा अधिकार गृहीत धरणे, हेच तर त्याचे मूळ आहे. दलालाने लोभापोटी जे मोठ्या प्रमाणावर केले, तेच ग्रेन्सने प्रेमापोटी लहान प्रमाणावर केले. हेतू निराळा होता, म्हणून दोष कमी ठरेल. कृतीची जात मात्र बदलत नाही.

लेनाचे दुःख टळले, हा युक्तिवादही तपासून पाहावा. माणसाच्या विक्रीची एक फार जुनी कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाला त्याच्या सावत्र भावांनी चांदीच्या वीस नाण्यांना परदेशी व्यापाऱ्यांच्या तांड्याला विकले. विक्री झाली आणि लगेच झाकपाकही सुरू झाली. बोकडाच्या रक्तात भिजविलेला अंगरखा त्यांनी बापापुढे ठेवला. त्यांनी तोंडाने सांगितले फार थोडे. निष्कर्ष याकोबानेच काढला. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या युधिष्ठिराची आठवण करून देणारे ते अर्धसत्य होते. याकोबाचे दुःख त्यामुळे हलके झाले का? तो वर्षानुवर्षे खोट्या मरणाचा शोक करीत राहिला आणि मुले त्याचे सांत्वन करायला जमली, ती सारे जाणून. ज्याच्यापासून सत्य लपवितो, त्याला आपण आपल्या बरोबरीचा माणूस मानीत नाही. त्याला काय पेलेल आणि काय पेलणार नाही, हे त्याच्या वतीने ठरवून टाकतो. लेनालाही तिचे आयुष्य कुणाबरोबर गेले, हे जाणण्याचा हक्क होता. तो हक्क डावलून तिला मिळाला तो खोट्या पतीचा शोक.

कादंबरीत समांतर चालणारे एक उपकथानक आहे. त्याच इस्पितळातील एक स्त्री डॉक्टर एका खुनाची साक्षीदार आहे. खुनी हा नामचीन गुंड. ग्रेन्सच्या प्रिय व्यक्तीला जायबंदी करणारा तोच. डॉक्टरने तोंड उघडू नये म्हणून तिला धमकावले जाते आणि तिच्या नात्यातील लहान मुलांच्या जिवाची भीती घातली जाते. अशा स्थितीत तिने साक्ष द्यावी म्हणून ग्रेन्स तिच्यावर दडपण आणतो. सत्य सांगणे हे तिचे कर्तव्य आहे, किंमत काहीही पडो! एकाच आठवड्यात, एकाच इमारतीच्या छायेत, परक्याकडून सत्याची मागणी करणारा हा माणूस स्वतःच्या मित्राचे सत्य लपवीत असतो. न्यायाचा तराजू आपल्या माणसाची पाळी आली की किती सहज हलका-भारी होतो, हे लेखकांनी कुठलेही भाष्य न करता दाखविले आहे. ग्रेन्सचा तरुण सहकारी स्वेन सुंडक्विस्ट याला पुढे सत्याचा सुगावा लागतो, तेव्हा तोच पेच त्याच्यापुढे उभा राहतो. आता झाकायचा असतो तो ग्रेन्स. एका झाकलेल्या सत्याला झाकण्यासाठी दुसरे लागते, ते असे. त्याने काय केले, हे वाचकांनी कादंबरीतच वाचावे.

हा पेच स्टॉकहोमपुरता नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसाने कुणा मुलीवर अत्याचार केला, तर पहिला विचार घराण्याच्या अब्रूचा होतो. कामाला ठेवलेल्या मुलीचा पगार बुडविला, तिला डांबले, मारले, तर ‘आपापसात मिटवा’ असा सल्ला सज्जन माणसेच देतात. आपल्या ख्रिस्तसभेलाही हा मोह आवरला नाही. लोकांत अपकीर्ती होऊ नये, श्रद्धाळूंची मने दुखावू नयेत, या सद्हेतूने अनेक देशांत धर्मगुरूंनी केलेले बालकांचे शोषण वर्षानुवर्षे झाकले गेले आणि झाकल्यामुळेच नव्या बालकांवर तोच प्रसंग ओढवला. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी अशा गोष्टींची माहिती वरिष्ठांना तातडीने देणे धर्मगुरू आणि व्रतस्थ यांच्यावर बंधनकारक केले, त्यामागे हाच कटू अनुभव होता. संस्थेची अब्रू ही संस्थेची असते. पण जखम ज्याला झाली त्याचे सत्य संस्थेच्या मालकीचे नसते.

याचा अर्थ सारे काही चव्हाट्यावर मांडावे, असा मुळीच नाही. अत्याचारित स्त्रीचे नाव जाहीर करण्यास आपला कायदा बंदी घालतो, आणि ते योग्यच आहे. तेथे मौनाचा लाभ जिच्यावर अन्याय झाला तिलाच होतो. सत्य कुठे, कुणाला, कोणत्या शब्दांत सांगावे, यात विवेक हवाच. मौन बाळगण्यापूर्वी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा: या मौनाने कोण वाचतो आणि त्याचे मोल कोण भरतो? वाचणारा अपराधी आणि मोल भरणारा पीडित असेल, तर त्या मौनाला दया हे नाव देऊ नये.

ग्रेन्सने काय करायला हवे होते? आपण मृताचे मित्र आहोत, हे सांगून त्याने तो तपास दुसऱ्याच्या स्वाधीन करायला हवा होता. ती फीत पुराव्यात ठेवायला हवी होती. आणि वर्तमानपत्रातून कळण्याआधी लेनाच्या घरी स्वतः जाऊन, तिच्यासमोर बसून, ते तिला सांगायला हवे होते. त्यानंतर तिचा आक्रोश, तिचा राग, तिचा अविश्वास झेलीत तिथेच थांबायला हवे होते. दयेला तेथे भरपूर वाव होता. ती फीत पुसण्यापेक्षा ते कितीतरी कठीण होते. कारण त्या दयेची किंमत ग्रेन्सला स्वतःच्या खिशातून द्यावी लागली असती.